हुकूमशहाच्या स्टेजची मागची बाजू

पारकर मॅडम स्टेजला वळसा घालून मागे गेल्या आणि मी त्यांना अडवायला धावलो.

आमच्या धंद्यात क्लायंटला मागची बाजू दाखवत नाहीत. मी एक्झिबिशन फॅब्रिकेशनमध्ये आहे. म्हणजे म्युझियम, प्रदर्शनं, मॉलमधले स्टॉल यांच्या भिंती, कमानी, चौथरे आम्ही दुबईतल्या अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये बनवतो आणि साइटवर नेऊन उभे करतो. समोरून बघाल तर संगमरवर वाटेल. हात लावाल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आणि तिच्यावर पेंट. मागे गेलात तर कच्चं प्लायवूड, आडव्यातिडव्या पट्ट्या, अर्धवट बाहेर आलेले स्क्रू, टेप आणि आमच्या फोरमनने पेन्सिलने लिहिलेलं 'ये साइड ऊपर'. झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर आमच्या सगळ्यांची पोटं चालतात.

हे काम शाळेच्या मुलांसाठी निघालेल्या एका खासगी म्युझियमचं होतं. हॉलचा विषय होता, गेल्या शतकात हुकूमशहा कसे वर आले आणि त्यांनी सगळ्या जगाला युद्धात कसं ओढलं. पहिल्या भागात इटली, जर्मनी, जपान. मग युद्धाचा रस्ता. पोलंड, फ्रान्स, रशियातला बर्फ, उत्तर आफ्रिकेचं वाळवंट, बर्माचं जंगल, समुद्र आणि शेवटी जपानवर पडलेले ते दोन बॉम्ब. पण हॉलमध्ये शिरल्याशिरल्या समोर यायचं ते हुकूमशहाचं स्टेज. उंच चौथरा, लाल पडदे, दोन्ही बाजूंना खांब, मध्ये माइक, खालून मारलेले लाइट आणि स्पीकरमधून गर्दीचा जयघोष. मुलांनी माइकसमोर उभं राहून फोटो काढायचा. ड्रॉइंगमध्ये त्याला 'फोटो मोमेंट' असं नाव दिलेलं होतं.

पारकर मॅडम या हॉलच्या कंटेंट कन्सल्टंट. शारजाच्या एका शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला शारजातच, रोल्लाला. उंची बेताची, पण आवाज असा की आमची कटिंग मशीन चालू असतानाही बाईंचं वाक्य शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. कन्सल्टंट म्हणजे तारखा आणि नावं तपासणार, असा माझा समज होता. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी फोटो मोमेंटला विरोध केला. क्लायंटचा प्रोजेक्ट मॅनेजर फादी. बैरुतचा, बोलायला साखर, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही. मुलांना मजा आली पाहिजे, नाहीतर ती मोबाइल काढून बसतात, असं त्याचं म्हणणं. ड्रॉइंगवर क्लायंटची सही झाली. विषय मिटला, असं मी धरून चाललो.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ट्रायल असेंब्ली होती. साइटवर नेण्याआधी सगळं एकदा जोडून बघतात, त्याला आम्ही असं म्हणतो. लाइट लागले होते, पडदे टांगले होते. जेवणाच्या सुट्टीत आमची सुतारमंडळी एकेक करून स्टेजवर चढत होती. हात वर करायचा, छाती काढायची, दुसऱ्याने खालून फोटो घ्यायचा आणि तो लगेच गावी पाठवायचा. तेवढ्यात मॅडम आल्या. मंडळी पटापट उतरली. त्या रागावतील म्हणून मी सारवासारव सुरू केली, तर त्या मलाच म्हणाल्या, "जाधव, तुम्ही वर जा."

गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. खालून येणारा उजेड डोळ्यांत जातो, त्यामुळे समोरच्यांचे चेहरे दिसतच नाहीत. नुसती डोकी दिसतात. मी गंमत म्हणून माइकवर टिचकी मारली आणि खालची सगळी डोकी एकदम वर झाली. मॅडमनी विचारलं, कसं वाटतंय? मी खरं ते सांगितलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "उद्या हजार पोरांना इथे उभं करून आपण हेच वाटायला लावणार."

आणि त्या तरातरा मागे गेल्या.

मी खाली उतरून त्यांच्यामागे धावलो. मॅडम, हे अजून फिनिश व्हायचंय, इथे काळा पेंट मारणार आहोत, असं काहीबाही बोलत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या खांबांच्या मागचे टेकू बघत होत्या. समोरून आठ फुटी दगडी दिसणारा खांब पोकळ असतो. तो पडू नये म्हणून मागून तिरप्या लाकडी बल्ल्या लावतो. एकेका बल्लीवर त्यांनी हात ठेवला. मग विचारलं, ही काढली तर काय होईल? मी म्हटलं, एक काढली तर खांब डुगडुगेल. दोन काढल्या तर आडवा होईल.

"मग ह्याचं तोंड फिरवा," त्या म्हणाल्या. "मुलं आत आली की आधी ही बाजू दिसू दे."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण त्या मला वर्गातल्या मुलासारखं समजावून सांगायला लागल्या. म्हणाल्या, हे लोक समोरून असेच दिसायचे, लखलखीत. उभे होते ते टेकूंवर. पैसे पुरवणारे कारखानदार. याला वापरून घेऊ आणि मग बाजूला करू, असं म्हणणारे शहाणे पुढारी. मान खाली घालून निकाल देणारे न्यायाधीश. सांगेल ते छापणारी वर्तमानपत्रं. जर्मनीत तर संसदेनेच मत देऊन सगळे अधिकार त्याच्या हवाली केले. प्रत्येक बल्लीवर यातलं एकेक नाव लिहायचं. कच्चं प्लायवूड, टेप, पेन्सिलच्या खुणा, सगळं तसंच ठेवायचं.

आमचा फोरमन दत्ताराम शेजारी उभा राहून ऐकत होता. कुडाळकडचा सुतार, बोलायला मोजका. एरवी मॅडमसमोर तोंड न उघडणारा तो एकदम पुढे आला.

"मॅडम, पाठीमागचा लोकांक दाखवूचा? आमची अब्रू जातली."

त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडे सुताराची परीक्षा फिनिशवर होते. उघडा स्क्रू दिसला की त्याचं नाव खराब. आणि त्याला दुसरीही काळजी होती. याच क्लायंटचे आणखी हॉल निघणार होते. ते आमच्या हातून गेले तर निम्म्या सुतारांचे व्हिसा रिन्यू होणार नव्हते, हे बॉसने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्या निम्म्यांत दत्तारामही होता.

मॅडमनी त्याच्याकडे वळून बघितलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यांचे आजोबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. इंग्रजांच्या बोटी, डेकवरची निम्मी माणसं आपल्या कोकणातली. युद्धात जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. गावात खबर यायला कितीतरी महिने लागले.

"आमच्या आजोबांनी त्या माणसाचं तोंड कधी बघितलं नव्हतं, दत्ताराम," त्या म्हणाल्या. "त्याचं भाषण ऐकलं नव्हतं. त्याचा मुलुख कुठे आहे ते पण त्यांना माहीत नसेल. तरी त्यांना समुद्रानं नेलं. मी त्या माणसाला तुमच्या हातून देखणा बनवून देऊ?"

 दत्तारामने खिशातून टेप काढली आणि तो चौथरा मोजायला लागला. जरा वेळाने मला म्हणाला की फिरवता येईल, पण बल्ल्यांना सँडपेपर मारल्याशिवाय तो देणार नाही, पोरांच्या हातात कुसळ जाईल. मॅडमनी तेवढं मान्य केलं.

आता अडचण माझी होती. हॉलची येण्याजाण्याची वाट बदलली की आग-सुरक्षेची परवानगी नव्याने घ्यावी लागते, आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. शेवटी असं ठरवलं की दारं जिथल्या तिथे राहतील आणि चौथरा त्याच मापात, त्याच जागी, नुसता पाठमोरा होईल. लोक मागून येतील, टेकूंमधून चालत बाजूने पुढे जातील आणि मग वळून त्यांना स्टेज दिसेल. परवानगीच्या कागदावर एक रेघही बदलणार नव्हती.

बॉसला फोन केला. तो म्हणाला, क्लायंट बोलेल ते कर, यल्ला, काम संपव. फादीला फोन केला.

"हबीबी, अप्रूव्ड ड्रॉइंग इज अप्रूव्ड ड्रॉइंग," तो म्हणाला. "खलास."

मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. चौथरा फिरणार नसेल तर हॉलच्या पाटीवर त्यांचं नाव लागणार नाही, आणि ते का लागलं नाही हे विचारणाऱ्या प्रत्येक शाळेला त्या सांगतील, असं त्यांनी शांतपणे कळवलं. शारजा-दुबईतल्या किती मुख्याध्यापिका त्यांच्या हाताखालून गेल्या असतील देव जाणे. फादीला ते माहीत असावं. त्याने मधला मार्ग काढला. चौथरा फिरवा, पण उद्घाटनाआधी म्युझियमचे चेअरमन बघायला येतील. त्यांनी नाक मुरडलं तर तुमच्या खर्चाने परत सरळ करायचा, आणि पुढच्या हॉलचा विषयही तिथेच संपला. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. पण त्या बाईंकडे बघून मी हो म्हटलं.

चेअरमन म्हणजे वयस्कर एमिराती गृहस्थ, कमी बोलणारे. ते आले तेव्हा फादी, आमचा बॉस, मी, दत्ताराम, सगळे रांगेत उभे. ते दारातून आत आले आणि थांबले. समोर प्लायवूड, स्क्रू, टेप. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे काम अर्धवट राहिलंय का?"

फादीने बुटांकडे बघितलं. बॉस घाईघाईने म्हणाला, सर, दोन तासांत झाकून देतो. 

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "हे काम पूर्ण झालंय. हीच खरी बाजू आहे. खोटी बाजू पुढे आहे, ती तुम्हाला नंतर दिसेल."

त्या हॉलमध्ये एवढी माणसं होती आणि सगळ्यांचं काही ना काही पणाला लागलेलं होतं. बाईंचंही होतं. तरी त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला, जणू त्या माझ्याच घरातल्या होत्या.

चेअरमननी एकेका बल्लीवरचं अरबी वाचायला सुरुवात केली. कारखानदार, पुढारी, न्यायाधीश, वर्तमानपत्रं. शेवटच्या बल्लीवर मॅडमनी लिहून घेतलं होतं, 'ज्यांना हे पटत नव्हतं, पण जे गप्प बसले'. तिथे ते बराच वेळ उभे राहिले. मग पुढे गेले. लाइट लागले, जयघोष सुरू झाला. त्यांनी मान वर करून स्टेज बघितलं. नंतर परत मागे आले आणि ती शेवटची बल्ली पुन्हा वाचली. म्हणाले, "माझ्या नातवंडांना उद्या आणतो. ही कल्पना कोणाची?"

फादी म्हणाला, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. बॉस म्हणाला, आमच्या कंपनीची हीच पद्धत आहे, सर. मॅडम नुसत्या हसल्या. चौथरा तसाच राहिला. पुढचे हॉल आम्हाला मिळाले आणि दत्तारामचा व्हिसा रिन्यू झाला.

उद्घाटनाला मी हॉलमध्येच थांबलो होतो. पहिली शाळा आत आली. पोरांनी बल्ल्यांवरची नावं वाचली आणि मग जे केलं ते आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एका मुलीने 'वर्तमानपत्रं' लिहिलेल्या बल्लीला दोन्ही हात लावले आणि ढकललं. वरचा खांब जरासा थरथरला. ती मैत्रिणींना म्हणाली, "इफ वी ऑल पुश, विल इट फॉल?" झालं. पाच-सहा जणी लागल्या कामाला.

तेव्हापासून प्रत्येक शाळेची पोरं तेच करतात. कुणी शिकवावं लागत नाही. बल्ल्या ढिल्या होतात, स्क्रू निघतात. फादीने दोरी बांधायला सांगितली, मॅडमनी बांधू दिली नाही. आता दर महिन्याला दत्ताराम टूलबॉक्स घेऊन तिथे जातो आणि सगळं पुन्हा घट्ट करून येतो. या धंद्यातला माझा अनुभव सांगतो, लोकांना टेकू हलवून बघायची सवय लागली की मेंटेनन्स फार वाढतो. मी हे मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वाढू दे, जाधव. त्या वेळी कुणी हलवून बघितलं असतं तर स्टेजपुढचा हा अख्खा युद्धाचा हॉल बांधावा लागला नसता."