फळी सोडून एक पाऊल

दुपारचे दोन वाजलेत आणि वैजूला पेंग येतेय. फिनलंडच्या उत्तरेला, एका अफाट दलदलीच्या मधोमध, लाकडी खोपटात ती बूट न काढताच लवंडली आहे. बाहेर फळ्यांच्या वाटेच्या टोकाला तिची पारदर्शक पेटी आपलं काम करतेय: शेवाळावर पालथी घातलेली, आतून किती वायू वर येतो ते मिनिटामिनिटाला टिपणारी. आसपास दुसरं माणूस नाही. पाचच मिनिटं पडू, असं ती स्वतःला बजावते. आपण तरी वेगळं काय म्हणतो?

झापड येते ना येते तोच फळी करकरते.

"वैजू, हितं बसू का गं?"

आबा. वाईच्या फरांदे रोपवाटिकेचे गजाननराव, वैजूचे वडील. फेब्रुवारीत गेले. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात कलमं बांधायचा चाकू. पाय अनवाणी आहेत आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत तपकिरी पाण्यानं भिजलेला आहे.

"बसा की आबा."

दोघं फळीवर शेजारी शेजारी बसतात. खोपट कुठं गेलं ते विचारू नका, स्वप्नात कोण विचारतं? आबा वाकून चिमूटभर काळपट गाळ उचलतात, बोटांत चुरतात, नाकाशी नेतात.

"आपल्या नारळाच्या कोकोपीटवानीच दिसतंय. पण कुजल्याचा वास कसा न्हाई?"

"कारण हे कुजतच नाही. थंडी आहे, वर पाणी तुंबलेलं, आत हवा नाही. शेवाळ मरतं आणि तिथंच दबून राहतं. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो. तुमच्या पायाखाली पाच हजार वर्षं आहेत आबा."

"आन् माझी शहात्तर?"

वैजू चार बोटं जोडून आडवी धरते. "एवढी."

"लय झाली की! मला वाटलं, नखाएवढी म्हणशील." आबा हसतात. मग पाण्याकडं बघत राहतात. "पाणी उतरलंय गं. गेल्या साली त्या खुंटापर्यंत होतं."

"उतरतंय. ऊन वाढलंय. पाणी उतरलं की आत हवा शिरते, आणि हजारो वर्षं जे कुजलं नाही ते कुजायला लागतं. जगातल्या सगळ्या झाडांत मिळून नाही एवढा कार्बन असल्या जमिनींनी पोटात धरून ठेवलाय. तो सुटला तर परत आत घालायला पुन्हा हजारो वर्षं लागतील."

"कमाल हाय. बापानं जन्मभर खत कुजवायची घाई केली, आन् पोरगी कुजू नये म्हणून राखण करत बसलीया."

फळी आता वाईच्या रोपवाटिकेतलं बाकडं आहे. समोर जास्वंदीच्या पिशव्या ओळीनं मांडल्यात आणि पिशव्यांच्या मधून दलदलीचं पाणी चमकतंय. वैजू आबांकडं वळते. कारण बोलायचं ते हे नव्हेच.

बोलायचं आहे ते गेल्या जुलैचं. आबा जन्मात पहिल्यांदा विमानात बसून लेकीचं काम बघायला इथं आले होते. इथला नियम एकच: फळी सोडायची नाही. पेटीजवळ शेवाळावर पाऊल पडलं की आतला वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि आकडा खोटा ठरतो. आबांना केशरी फळं दिसली. पोरगी सकाळपासून उपाशी होती. आबा उतरले आणि गुडघाभर रुतले. वैजू सोबत काम करणाऱ्या सगळ्यांच्या देखत कडाडली, "एवढंही कळत नाही का तुम्हाला? आख्ख्या दिवसाचं काम मातीत घातलंत!" आबांनी मुठीतली फळं खिशात घातली. नंतर फोनवर वैजू पावसापाण्याचं बोलली, आईच्या गुडघ्याचं बोलली. हे मात्र समोरासमोर बोलू म्हणून ठेवून दिलं. मग फेब्रुवारी आला.

"आबा, त्या दिवशी मी..."

"त्या मापाचं काय झालं शेवटी?"

"दुसऱ्या दिवशी परत घेतलं. काही बिघडलं नव्हतं." वैजूला रडू फुटतं. "एका दिवसासाठी बोलले हो मी तुम्हाला!"

"बोललीस. लागलं मला." आबा चाकू मिटतात. "खोटं कशाला सांगू? विमानात झोप न्हाई आली."

"माफ करा आबा."

"आन् घरी जाऊन साऱ्या आळीला सांगितलं, माझी वैजू एवढी मोठी सायब झालीया की बापालाबी वाट सोडू देत न्हाई." ते तिच्याकडं निरखून बघतात. "जेवलीस का?"

"नाही अजून."

"बघ. म्हणजे काय सुधारणा न्हाई." आबा गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि बाकड्यावरून खाली पाऊल टाकतात, थेट शेवाळात.

ह्या वेळी वैजू ओरडत नाही. "सावकाश, आबा," ती म्हणते. "खोल आहे तिथं."

जाग येते तेव्हा तीन वाजायला आलेत. उशाला घेतलेला हात बधिर झालाय, गाल ओला आहे. वैजू तोंड पुसत फळ्यांवरून पेटीपाशी जाते. पडद्यावरची रेघ दोन वाजल्यापासून सरळ चाललेली, आणि दोन एकतीसला ताडकन उभी राहिलेली. तेवढी एक उसळी, मग पुन्हा सरळ. कुणी शेजारी पाय ठेवल्यावर उठते तशीच.

असा बुडबुडा आपोआपही सुटतो. हे वैजूइतकं कुणाला ठाऊक? तरी ती बराच वेळ पेटीशेजारचं शेवाळ बघत उभी राहते.

नियमाप्रमाणे ती वही उघडते. आकडा बाद केला की शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. आजचा रकाना ती कोराच ठेवते. पानं मागं उलटत गेल्या जुलैवर येते. तिथं तिच्याच अक्षरात, इंग्रजीत, लिहिलंय: मानवी चूक. त्यावर ती एक रेघ मारते आणि खाली मराठीत लिहिते, "आबा माझ्यासाठी फळं तोडायला उतरले होते."