डाव्या बाजूची कोरी पानं

शमाशा ओराहांची वही बघितली की माझं डोकंच फिरायचं. उजव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक कडवं आणि समोरचं डावं पान कोरंच्या कोरं. अशा एकदोन नाही, सात वह्या! "शमाशा, कागद काय झाडाला लागतो?" मी विचारायची. ते म्हणायचे, "शमूनी, तू तुझ्या तंदूरकडे बघ. ती जागा माझी नाही."

ती जागा खोशाबाची होती. आमच्या चर्चमध्ये गाणारे दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात. एका रांगेनं कडवं म्हणायचं, दुसरीनं त्याला कडव्यानंच उत्तर द्यायचं. ओराहा आणि खोशाबा दोघेही शमाशा, म्हणजे पाद्र्याच्या हाताखाली उपासना चालवणारे. पोटाला शेती. चाळीस वर्षं दोघांनी पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची गाणी रचली, तीही याच रिवाजानं. एक कडवं ह्याचं, एक त्याचं. द्राक्षाचे वेल छाटतानासुद्धा बांधाच्या अल्याडपल्याड यांची तोंडं चालूच. ओराहा भारी कडक. तीन ओळी, तिन्हींना एकच यमक, आणि शास्त्राबाहेर एक पाऊल नाही. खोशाबाचा शब्द जरा घसरला की हे डोळे वटारायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, "पाणी पी रे, घसा बसलाय तुझा."

मग लढाई आली. सगळं गाव पळालं, त्यातलं निम्मं परतलं, आणि परतलेल्यातलं निम्मं पुन्हा निघून गेलं. खोशाबालाही पोरं मेलबर्नला घेऊन गेली. गाडी चर्चच्या दारात उभी होती. आम्ही सगळे रडत होतो, आणि हा ओराहा सगळ्यांदेखत काय म्हणाला असेल? "जा, योना, जा. तुझं जहाज सुटेल."

शास्त्रात देवानं योनाला आमच्याच भागातल्या निनवे नगरीला जायला सांगितलं आणि तो उलट्या दिशेनं जहाजात बसून पळाला. त्याच्या नावानं आम्ही दरवर्षी हिवाळ्यात तीन दिवस उपास धरतो. आमच्यात कुणाला योना म्हणायचं म्हणजे त्याच्या कपाळावर पळपुटा असं कोरायचं.  खोशाबा गाडीत बसला आणि गेला. नऊ वर्षं झाली, दोघांत ना पत्र, ना फोन.

ओराहांनी माफी मागितली का? नाव नको. जीभ कापून देतील, पण माफी मागणार नाहीत. बायको गेली, लेकी सासरी. हा माणूस घरात एकटा, आणि नऊ वर्षं फक्त योनाचं गाणं लिहीत बसला. तेही अर्धंच. मी एकदा चिडून म्हटलं, "उत्तरं पण तुम्हीच लिहा की!" तर माझ्याकडे असं बघितलं की माझंच तोंड कडू झालं. "स्वतःच विचारायचं आणि स्वतःच सांगायचं? ते गाणं नव्हे गं. तो येडेपणा."

यंदा उपासाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ते गाणं चर्चमध्ये म्हटलं. आम्ही अकरा माणसं. समोरच्या रांगेच्या जागी नुसती भिंत. एक कडवं म्हणायचे आणि थांबायचे. बरोबर एका कडव्याइतकं थांबायचे. मग पुढचं. तीन दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, आवाज पार फाटलेला. शेवटी योना निनवेला येतो, पण देवानं नगरीला माफ केलं म्हणून रुसून बाहेर बसतो आणि डोक्यावर सावली धरणारा वेल सुकला म्हणून हळहळतो. शेवटचं कडवं तेव्हाचं, देवाच्या तोंडचं होतं:

तुझ्या डोईवरचा वेल सुकता जीव तुझा तुटावा,
लाख लेकरांच्या नगरीचा लळा मला का सुटावा?
बोल योना, इथेच येऊन शब्द तुझा का खुंटावा?

शास्त्रातली योनाची गोष्ट इथंच संपते. योना उत्तर देतच नाही. ओराहा भिंतीकडे बघत उभे राहिले. मला ते बघवेना.

मी लबाडी केली होती. फोन ओढणीत धरून सगळं गाणं भरून घेतलं होतं. ते खोशाबाच्या लेकीला, नहरीनला पाठवलं. तिच्याकडूनच मला ठाऊक होतं की खोशाबा दोन वर्षं कुणाला ओळखत नाही, बोलत नाही. ओराहांना ते सांगायची माझी छाती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली की उपास सुटतो. पूर्वी खोशाबाच ओराहांच्या हातात पहिलं पाणी द्यायचा. रात्रीतून नहरीनचं उत्तर फोनवर आलं होतं, म्हणून मी त्यांना दारातच गाठलं आणि बाकावर बसवलं. "शमाशा, आधी हे ऐका. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या." खोशाबाची अवस्थाही सांगून टाकली. 

फोनमध्ये आधी ओराहांचाच आवाज आला, नहरीननं तिकडे बापाला ऐकवलेला. मग ती थांबायची जागा आली, आणि तिथं खोशाबा गायला लागला! म्हातारा, कापरा, पण सुरात. तीन ओळी, एक यमक. पुढच्या जागेत पुन्हा. नहरीननं सोबत लिहिलं होतं, बाबांना माझं नाव येत नाही मावशी, पण जागा रिकामी आली की ते गातात.

ओराहांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी हमसून रडत होते, लाज कसली त्यात.

शेवटचं कडवं आलं. देवाचा सवाल झाला. मग जागा. खोशाबा गाईना.  मग तो साध्या आवाजात बोलला, "ओराहा, पाणी पी रे. घसा बसलाय तुझा."

मी धावत तांब्या आणला. ते दोन्ही हातांनी धरून प्यायले. हनुवटीवरून पाणी गळत होतं, तरी पीतच राहिले. मग शेवटची वही काढली, शेवटचं डावं पान उघडलं आणि त्यावर ते वाक्य लिहिलं. तीन ओळी नाहीत, यमक नाही, शास्त्रात तर नाहीच नाही. एरवी त्यांनी असलं काही खपवून घेतलं नसतं.

"पहिल्यापासून लाव," ते म्हणाले. "बाकीची पानं भरायची आहेत."