कसं लागते पायाले?

दवाखान्यात त्या दुपारी मी ह्यांचे तळवे चोळत बसले होते. झटक्यानं डावी बाजू गेली होती. "कसं लागते पायाले?" मी विचारलं. हे म्हणाले, "काहीच नाही लागून राहिलं वं..." संध्याकाळी माझे यजमान, मधुकर, गेले. त्याला आता काही आठवडे झाले, पण ते वाक्य कानातून जात नाही. कारण तो प्रश्न मुळात माझा नव्हताच. तो त्यांचा होता, आमच्या पिकअपखाली उताणं पडून विचारलेला.

आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि जिकडे तिकडे बांधकामं निघाली, तेव्हा ह्यांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधली नोकरी सोडून जुनी पिकअप घेतली. सळया वाहायच्या. नागपूरला माझ्या आईनं तोंड वाकडं केलं. मीही दोन दिवस अबोला धरला. पण हे त्या गाडीवर इतके खूश, की मीच शेवटी हसले. गाडीचं दुखणं मात्र एकच, क्लच. पेडल दाबलं की सरळ तळाला जायचं आणि गिअर करकरायचा. गॅरेजवाल्यावर ह्यांचा विश्वास नाही, म्हणून दुरुस्ती अंगणात. आणि क्लचच्या नळीतली हवा काढायला माणसं दोन लागतात... एक पेडलवर, एक खाली. पेडलवर मी, साडी खोचून.

खालून आवाज यायचा, "दाब... धर..." मी पेडल दाबून धरायचं, हे नट सैल करून हवा-तेल सोडणार, परत कसणार, आणि मग "सोड." त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत. एकदा गॅसवर दूध उतू जाऊ लागलं आणि मी पाय काढून पळाले. "काहून सोडलं वं!" हे खालून ओरडले. "दूध गेलं जी!" "दूध जाऊ दे, हवा नको येऊ देऊ!" सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, हसला होता. सगळं झालं की हे खालूनच विचारायचे, "कसं लागते पायाले?" मी "घट्ट" म्हटल्याशिवाय बाहेर निघत नसत.

ते गेल्यावर पिकअप अंगणातच उभी होती. जवळच्या बीरगांवचा एकजण घ्यायला तयार झाला, पण पेडल पुन्हा तळाला गेलेलं. आमच्या मुलानं, निखिलनं, बघितलं : तेलाची डबी भरलेली, खाली कुठं थेंब नाही. "पेडल दाबून धरून ठेव," मी म्हटलं. पेडल हळूहळू आपोआप खाली बसत गेलं. "मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. तेल आतल्या आत मागे सरकते," मी सांगितलं. हे ह्यांच्याच तोंडून ऐकलेलं. निखिल इथंच वाढलेला, हिंदीतच म्हणाला, "गॅरेज में दे देते हैं न, आई." मी नाही म्हटलं. पेडल बरं झालं की गाडी दारातून जाणार, हे मला कळत होतं. जायचीच आहे तर आमच्या अंगणातून बरी होऊन जाऊ दे, एवढंच वाटलं.

निखिलनं नवं रबर बसवलं आणि खाली शिरला. मी ड्रायव्हरच्या सीटवर. सीटला ह्यांच्या पाठीचा खळगा तसाच होता, मला त्यात नीट बसता येईना. "दबाओ, आई... पकड़ो... छोड़ो." शब्द हिंदी, पण पाय चुकला नाही. रडू येत होतं तरी एकदाही आधी उचलला नाही. हळूहळू पेडल वर येऊ लागलं, आणि मग पायाला तटून राहिलं. निखिल बाहेर आला, दारातून हात घालून गिअर टाकून बघितला, तो अलगद पडला. "हो गया, आई. उतरो," म्हणून हात धुवायला आत गेला.

मी उतरले नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं. गाडीखाली आता कुणी नव्हतं, तरी मी पेडल पुन्हा एकदा पूर्ण दाबलं, दारातून खाली वाकले आणि सांगितलं, "घट्ट लागून राहिलं जी... निघा आता बाहेर."