मावशीचा कामाचा दात

मावशीचा डावा हात लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे अंगाला होताच, पण नुसता लोंबत. काही घरांत एखादे काका असतात तसा, उपयोग नाही आणि काढूनही टाकता येत नाही. मग मावशीनं त्याचं काम समोरच्या वरच्या दाताकडे सोपवलं. कापड दातात धरायचं, मान मागं घेऊन ताणायचं आणि उजव्या हातानं टाके घालायचे. त्या दाताच्या जोरावर तिनं रस्त्याकडेला कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलं आणि थोरल्या भावाच्या घरात राहूनही कुणाच्या ताटाखालचं मांजर झाली नाही.

नेमका तोच दात ठणकायला लागला.

"उपटून टाका, वन्सं," भावाची बायको म्हणाली. "सरकारी दवाखान्यात फुकट उपटतात. समोरचा एक गेला तर काय बिघडतंय? तुम्हाला आता कोण बघायला येणार आहे?"

"खरंच की, वहिनी. दुकानही बंद होईल मग. दिवसभर घरीच बसेन तुमच्याजवळ. तेवढीच तुम्हाला सोबत."

वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "नको, नको. दात वाचवलाच पाहिजे."

पण दात उपटणं फुकट होतं, वाचवणं नव्हतं. खासगी डॉक्टरकडे काचेच्या पेटीत रंगीत मासे होते आणि बसायला मऊ कोच. आकडा ऐकून मावशीची दातखीळच बसली. मासे एवढे गुबगुबीत कसे, ते तिला तेव्हा कळलं.

मग ती अपंगत्वाचा दाखला घेऊन सरकारी दवाखान्यात सवलतीच्या खिडकीशी उभी राहिली.

"सवलत कशाला हवी?" कारकुनानं विचारलं.

"दाताला."

"दाखला तर हाताचा आहे."

"हात गेला म्हणूनच दात लागतो ना, साहेब."

"हाताला सवलत आहे, बाई. व्यायाम, मालिश, सगळं. दात अपंग असेल तर तसा दाखला आणा."

मावशी हलली नाही. मागच्या रांगेत चुळबुळ वाढली, तसा कारकून वाकून हळूच म्हणाला, "दाताच्या कॉलेजात जा. तिथं विद्यार्थी शिकतात, अगदी थोडक्या पैशांत होतं. हातबित कुणी विचारत नाही."

खरंच कुणी विचारलं नाही. मोठ्या दालनात खुर्च्यांची रांग होती. चष्मा लावलेल्या एका विद्यार्थिनीनं मावशीच्या गळ्यात साखळी अडकवली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या चिमट्यांत कागदी रुमाल लावला.

"घाबरू नका हं, मावशी."

"मी नाही घाबरत, बाळ. तुझाच हात कापतोय. आधी पाणी पी."

पोर खरंच पाणी प्यायली आणि अख्खी सकाळ खपून तिनं दात वाचवला. शेवटी तिचे सर आले, त्यांनी आरसा घालून पाहिलं. "छान. पण आता दात ठिसूळ झाला. कापड धरायचं नाही, दोरा तोडायचा नाही. नाहीतर तुटलाच म्हणून समजा."

"मग धरू कशानं?" मावशीनं बधिर ओठांनी कसंबसं विचारलं.

"हातानं," सर म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

मावशीच्या जिभेवर चांगलं उत्तर आलं होतं, पण ओठ जागेवर नव्हते. ती तरातरा उठून चालू लागली. बसमध्ये दोघांनी उठून तिला जागा दिली. इतकी वर्षं लोंबता हात कुणाला दिसला नव्हता, आज एवढा मान कशाचा, हे तिला दुकानात आरशासमोर कळलं: गळ्यात साखळी, आणि तिला तो कागदी रुमाल तसाच.

दाराशी शेजारच्या इमारतीचा रखवालदार उभा. "मावशी, पँट झाली का? संध्याकाळी ड्यूटी आहे."

सवयीनं तिनं पँटची मोरी तोंडाकडे नेली आणि मध्येच थांबली. तुटला तर दातही गेला, दुकानही गेलं. तिची नजर खाली गेली. तिनं कागद ओढून काढला, मोरी चिमट्यात अडकवली आणि मान मागं घेतली. कापड ताठ झालं. तिनं टाका घातला. सरकलं नाही. दुसरा घातला.

रखवालदारानं पँट हातात घेऊन चाचपली. "मावशी, आज कोरडी कशी?"

पुढच्या खेपेला तिनं साखळी परत करायला नेली आणि घडलं ते सगळं त्या पोरीला सांगितलं. पोरीनं सर कुठं आहेत ते पाहिलं. "राहू द्या तुम्हालाच. हरवली म्हणून सांगते. नाहीतरी रोज काहीतरी हरवल्याबद्दल बोलणी खातेच."

त्या दिवशी मावशी साखळी गळ्यात घालूनच घरी गेली.

"अगंबाई, वन्सं!" वहिनी म्हणाली. "या वयात दागिना?"

"सवलतीत मिळाला," मावशी म्हणाली. "तुम्हाला हवा असेल तर दाखला आणा."