शेऱ्याचा रकाना

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. तराजूचा काटा केसभर ढळला तरी ते कुणाची गय करत नसत, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव चिकटवलं. ते निवृत्त झाले, तराजू जाऊन आकड्यांची यंत्रं आली, पण नाव राहिलं. त्यांनाही ते मनातून आवडायचं, फक्त कबूल करायचे नाहीत.

घरात त्यांच्याइतकाच मान होता गाडीला. बावन्न वर्षांपूर्वी वडिलांनी ती कोरी घेतली, वडिलांनंतर ती साहेबांकडे आली, तिसरा मालक तिने पाहिला नाही. पहिल्या दिवसाची पावती, दोन्ही मूळ किल्ल्या, विम्याचे सगळे कागद आणि अकरा वह्या, असा तिचा सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत होता. वह्या ही वडिलांची शिस्त. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, पेट्रोल, आणि शेवटचा रुंद रकाना शेऱ्याचा. वडिलांचा एक नियम होता. जो गाडी चालवेल त्याने वही लिहायची नाही, कारण माणूस स्वतःच्या चुका लिहिताना हात आखडता घेतो. लिहायचं शेजारी बसणाऱ्याने. वडील चालवत तेव्हा साहेब लिहीत, साहेब चालवू लागले तेव्हा त्यांची बायको लिहू लागली. महिनाअखेरीला साहेब किलोमीटरची आणि पेट्रोलची बेरीज करत, गाडीने किती सरासरी दिली ते काढत, खाली 'तपासले' असं लिहून सही ठोकत. नोंद करणारी घरची होती म्हणून काय झालं, तपासणी ती तपासणीच.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मग साहेबच चालवत आणि थांबल्यावर साहेबच लिहीत, वडिलांचा नियम मोडून. या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. समोरचं सगळं कडेकडेने दिसायचं, नेमकं मधलंच दिसायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद केली. दूर राहणाऱ्या मुलीने फोनवर समजूत घातली की, बाबा, उभी ठेवून गंजवण्यापेक्षा कुणा कदर करणाऱ्याला द्या. साहेब आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी जाहिरातीचा मजकूर स्वतःच सांगितला: एकाच कुटुंबाने वापरलेली, आहे तशी, रंगरंगोटी न केलेली, पहिल्या दिवसापासूनच्या संपूर्ण नोंदींसह. 'संपूर्ण' हा शब्द त्यांनी मुलीला दोनदा वाचून दाखवायला लावला.

बघायला बरेच आले. एकाने रंग नवा करून द्याल का विचारलं, त्याला साहेबांनी पाणीही न देता वाटेला लावलं. एकाला लग्नसमारंभात भाड्याने द्यायला हवी होती. शेवटी आली एक दातांची डॉक्टर, चाळिशीची, एकटीच. तिने आधी टायर पाहिले, मग खाली वाकून चेसिस पाहिली, आणि साहेब थोडे निवळले.

त्यांनी गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. मागच्या मडगार्डला पोचा आहे, तो फाटकाच्या खांबाचा, चूक माझी. छताचं कापड एका कोपऱ्यात सुटलंय. पुढची सीट एकदा शिवून घेतली आहे, टाके दिसतात. थंडीत सकाळी दोन खेपेला चालू होते, एका खेपेला नाही. एखादा बाप मुलीचं स्थळ ठरवताना तिचीच उणीदुणी मोजून दाखवतो आहे असं डॉक्टरला वाटलं असणार, कारण ती हसू दाबत म्हणाली की तिला ही अशीच हवी आहे, खरी. मग तिने वह्या मागितल्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी उघडली. साहेबांनी अंदाजाने चहा ठेवला. डॉक्टरने आकड्यांचे रकाने भरभर पाहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात मात्र ती रमली. साहेबांना वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्याने वाचू लागली. 'रस्त्यात बदकं. दहा मिनिटं थांबलो. हे बदकांवर रागावले.' 'काच पुसली, लगेच पाऊस.' 'परत येताना कुणी बोललं नाही, छान वाटलं.' साहेब पाठमोरे उभे राहून ऐकत होते. हे सगळं तिने लिहिलं होतं? त्यांच्या लेखी तो रकाना म्हणजे पंक्चर आणि हवा. बेरजेला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांची नजर कधी तिकडे वळलीच नव्हती.

"इथे दर थोड्या पानांनी एकच ओळ आहे," डॉक्टर म्हणाली. "'आज विचारलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.' काय विचारायच्या त्या?"

साहेबांना आठवायला वेळ लागला नाही, सांगायला लागला. तिला गाडी शिकायची होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने विषय काढला होता. ते नाही म्हणाले नव्हते, नाही म्हणण्याइतके ते वाईट नव्हते. पुढच्या वर्षी, क्लच नवा झाला की, बदलीचं मिटलं की, असं करत तेवीस वर्षं त्यांनी तिला खेळवलं. खोट्या वजनाचा दुकानदारही याहून सरळ असतो, असं आता त्यांच्या मनात आलं.

आठव्या वहीत डॉक्टर एकदम थांबली. मग तिने विचारलं, "काका, हे मी वाचू का? थोडं घरचं आहे."

साहेब म्हणाले, वाचा. तिने वाचलं.

"'वहीत एकोणीस किलोमीटर जास्त आहेत, तेवढी गाडी मी चालवली. गिरणीमागच्या मैदानात, तीन संध्याकाळी. मिस्त्रींनी शिकवलं, मीच गळ घातली होती. त्यांचा काही दोष नाही. तोंडाने सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहिते. महिनाअखेरीला वाचालच.'"

चहा उतू गेला. साहेबांनी गॅस बंद केला आणि खुर्ची चाचपडत बसले.

ते एकोणीस किलोमीटर त्यांना पाठ होते. अठरा वर्षांपूर्वी ते कामासाठी चार दिवस परगावी गेले होते आणि गाडी क्लचसाठी मिस्त्रीकडे होती. मिस्त्री म्हणजे नुसता गाडी दुरुस्त करणारा नव्हे, वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, घरी येऊन जेवणारा. परत येऊन गाडी घरी आणल्यावर साहेबांनी मीटरचा आकडा पाहिला आणि त्यांचा पारा चढला. बायकोला शेजारी बसवून ते गॅरेजवर गेले, चार गिऱ्हाइकांसमोर मिस्त्रीला नको नको ते बोलले. दुसऱ्याच्या गाडीत मजा मारतोस, विश्वासाने किल्ली दिली होती, पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस. मिस्त्रीने एकदा गाडीकडे पाहिलं. गाडीत बायको मांडीवर वही घेऊन बसली होती. मग तो इतकंच म्हणाला, झाली असेल चूक, साहेब. त्यानंतर गाडी दुसरीकडे जाऊ लागली. रस्त्यात मिस्त्री दिसला तर साहेब पलीकडच्या बाजूने जात.

"या पानाखाली काय आहे?" साहेबांनी विचारलं, जरी त्यांना ठाऊक होतं.

"'तपासले'," डॉक्टर म्हणाली. "आणि तुमची सही."

तिने पुढची पानं चाळली, नववी वही, दहावी. पुढच्या महिन्यापासून शेऱ्याचा रकाना कोरा होता. बारा वर्षं, बाई जाईपर्यंत, एक अक्षर नाही. साहेबांना तेही आठवलं. त्या सुमारास त्यांनी बायकोला शाबासकी दिली होती, की हल्ली तुझ्या नोंदी अगदी नेटक्या होतात. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

डॉक्टर चांगली होती. तिने आठवी वही मिटून त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाली की ही तुम्ही ठेवा, मी दहा घेते, माझी काही तक्रार नाही. साहेब म्हणाले, जाहिरातीत संपूर्ण लिहिलंय. ती म्हणाली, असू दे. साहेब म्हणाले, आधी मला एका ठिकाणी न्याल का, तुमची चालवूनही बघायची राहिली आहे.

चाळीस वर्षांनी ते शेजारच्या सीटवर बसले. दार हलकेच ओढावं लागतं, नाहीतर नीट लागत नाही, हे त्यांना या बाजूने माहीत नव्हतं. बायको ते रोज करत असणार. समोरचा रस्ता त्यांना कडेकडेने दिसत होता, मांडीवर आठवी वही होती. डॉक्टरने पहिल्याच वळणावर क्लच जरा जोरात सोडला आणि साहेब नेहमीसारखे खेकसले नाहीत.

गॅरेज आता मिस्त्रीचा मुलगा सांभाळत होता. मिस्त्री दारात स्टुलावर बसून एक कार्ब्युरेटर साफ करत होता, सवय म्हणून. गाडीच्या आवाजानेच त्याने मान वर केली. साहेब उतरले, स्टुलापर्यंत गेले आणि उभे राहिले. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "एकोणीस किलोमीटर. मला आज कळलं."

मिस्त्रीने वही घेतली नाही. हात तेलाचे होते.

"आज?" तो म्हणाला. "वहिनी तर म्हणाल्या होत्या, तुम्ही वाचलंत म्हणून. महिना संपल्यावर बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, मिस्त्री, त्यांनी वाचलं, खाली सही केली, पण एक शब्द बोलले नाहीत. म्हणाल्या, आता हा विषय नको."

साहेबांनी पुढे केलेली वही खाली घेतली.

"मीही म्हटलं, साहेबांना सगळं कळलंय, तरी येत नाहीत, म्हणजे मन मोडलं असेल." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "चांगली चालवायच्या, साहेब. क्लच तर तुमच्याहून हलका सोडायच्या."

साहेबांनी गाडीच्या मडगार्डवर हात टेकला, त्या पोच्यावर. बारा वर्षं ती त्यांच्या शेजारी बसली होती, नवऱ्याने वाचलंय आणि गिळलंय असं समजून. रोज दार हलकेच ओढून. आणि ते तिला नेटक्या नोंदींबद्दल शाबासकी देत होते. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण गिऱ्हाइकं होती, आणि गिऱ्हाइकांसमोर रडायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. ओरडायचं तेवढं माहीत होतं.

मिस्त्रीने मुलाला खुर्ची आणायला सांगितलं. साहेब बसले नाहीत. त्यांनी डॉक्टरकडून पेन मागून घेतलं, वही बॉनेटवर ठेवली आणि तिला ते पान उघडून द्यायला सांगितलं. चुकीची नोंद खोडायची त्यांच्या खात्याची एक रीत होती. गिरगटायचं नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख घालून सही करायची. डॉक्टरने त्यांचं बोट नेमक्या जागी टेकवलं. त्यांनी 'तपासले'वर रेघ ओढली, मोठ्या, वाकड्या अक्षरात शेजारी लिहिलं: 'न वाचता सही केली होती. आज वाचले.' तारीख घातली. सही केली.

डॉक्टर पुन्हा म्हणाली की काका, ही वही खरंच राहू द्या तुमच्याकडे. साहेबांनी मान हलवली. ज्याच्याकडे गाडी, त्याच्याकडे वह्या. आणि ते एकोणीस किलोमीटर गाडीचे होते, त्यांचे नव्हते.

पेन परत देण्याआधी त्यांनी विचारलं, शेऱ्याच्या रकान्यात तिच्या ओळींखाली जागा उरली आहे का. डॉक्टरने पाहून सांगितलं, आहे, दोन बोटं. साहेब पेन धरून तसेच उभे राहिले. मिस्त्री थांबला, डॉक्टर थांबली. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून डॉक्टरच्या हातात दिली.