चेचीच्या घरची बेखमीर भाकर

लग्न होऊन मी वसईहून नाशिकरोडला आले, तेव्हा सगळ्यात आधी मला इथल्या दुपारची सवय करून घ्यावी लागली. पहिली पाळी सुटेपर्यंत नोटा छापणाऱ्या प्रेसची ती सगळी कॉलनी झोपलेली असायची. लांबून स्टेशनातली घोषणा ऐकू यायची, शब्द न कळता नुसता सूर. पडल्या पडल्या तो ऐकता ऐकता मी कुठे आहे तेच विसरायचे. मधेच वाटायचं, वसईच्या अंगणात आहे आणि आय आता हाक मारेल.

आमच्या जिन्यावर चार बिऱ्हाडं कॅथलिकांची होती. समोरच्या दारात केरळची नर्स राहायची. तिला सगळे चेची म्हणत, म्हणजे ताई. तिचा नवरा रेल्वेत होता, दोन मुली शिकत होत्या. खालच्या मजल्यावर गोव्याची आंटी आणि तिच्या शेजारी संगमनेरकडची मावशी, मुलाच्या नोकरीपायी इथे आलेली. संध्याकाळी चारी घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चाले. उन्हाळ्यात दारं उघडी असत. मल्याळम, कोंकणी, मावशीची मराठी आणि माझी वसईची बोली जिन्यात एकमेकींत मिसळून जात. डोळे मिटून बसलं की वाटायचं, कुणीतरी एकच लांबलचक वाक्य चार तोंडांनी बोलतंय.

रविवारी मी देवळात जायचे, आंटी इगर्जीत, चेची पळ्ळीत, मावशी चर्चात. पोचायचो अर्थात एकाच ठिकाणी. पण मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की जो तो आपापल्या माणसांत. केरळची माणसं कडुनिंबाखाली, गोव्याची फाटकाशी, मराठी माणसं पायऱ्यांवर. ‘त्यांचं सगळं वेगळंच असतं,’ हे मी प्रत्येकाच्या तोंडून दुसऱ्याबद्दल ऐकलेलं होतं. मीही म्हणायचेच.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी मात्र चेचीकडून एक ताटली यायची. तांदूळ आणि उडदाच्या पिठाची वाफवलेली जाड भाकर आणि वाटीत गूळ घातलेलं नारळाचं दूध. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून ही बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर त्यांच्याकडे घरोघर होते, घरातलं मोठं माणूस ती मोडून सगळ्यांना देतं, एवढंच मला ठाऊक होतं.

एका पावसाळ्यात चेचीचा नवरा गेला. ड्यूटीवरून आला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर समोरचं दार लावलेलंच राही. रोझरी आतून यायची, पण इतक्या हळू की ती खरंच चालू आहे की मला भास होतोय ते कळत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात, त्या गुरुवारच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही मिस्साहून बरोबर परतलो. हातात आशीर्वाद दिलेल्या झावळ्या होत्या. मी सहज म्हटलं, “चेची, गुरुवारी नारळ खवायला येऊ का?”

ती जिन्यात थांबली. “यंदा नाही. घरात कोणी गेलं की त्या वर्षी आम्ही करत नाही. शेजारपाजारचे, नात्यातले आणून देतात.”

“मग तुला कोण देणार?”

“आमची दोन घरं होती जवळ, ती सुट्टीला गावी गेली.” तिने कुलूप उघडलं. “मुलींना सांगितलंय. एक वर्ष नाही खाल्लं तर काय होतं?”

दार लागलं. मी हातातली झावळी घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले. मग घरात न जाता खाली आंटीकडे गेले.

“अगो, त्यात काय! तांदळाची सान्नां वाफवूया,” आंटी म्हणाली. “माझी सान्नां कापसासारखी होतात.”

“आंटी, ती आंबवतात. यात आंबवलेलं चालत नाही.”

मावशी दारात येऊन ऐकत होती. “आंबवायचं नाय म्हंजी भाकरच की,” ती म्हणाली. “पीठ भिजवायचं अन् लगेच करायचं. लय अवघड नाय.”

पण अवघड होतं. गुरुवारी दुपारी आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात जमलो. चेचीच्या थोरल्या मुलीला गुपचूप विचारलं होतं, पण तिने फक्त आईला करताना पाहिलेलं. “जिरं असतं, लहान कांदे असतात. उडीद थोडा भाजतात बहुतेक,” ती म्हणाली. त्या ‘बहुतेक’वर आमचा सगळा कारभार. पहिली भाकर दगड झाली. मावशीने ती पाट्यावर आपटून पाहिली आणि आम्ही हसत सुटलो. दुसऱ्या वेळी आंटीने पीठ सैल केलं, नारळ जास्त घातला. मावशीने झावळीची पात चिरून तिचा छोटा क्रूस केला आणि पिठावर अलगद ठेवला. कुकरची शिट्टी काढून आम्ही भांडं वाफेला लावलं. बाहेर ऊन पांढरं झालेलं, आत नारळाचा आणि गुळाचा वास. तिघी भिंतीला टेकून बसलो होतो. मला जरा डुलकी लागली असावी, कारण माझ्या त्या आठवणीत आयही तिथेच बसलेली आहे.

संध्याकाळी देवळात, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुण्याचा विधी झाला. घरी येऊन आम्ही ताट झाकून घेतलं आणि चेचीचं दार वाजवलं.

तिने ताटावरचं फडकं उचललं. क्रूस पाहिला. आत गेली आणि टेबलावर स्वच्छ कापड अंथरून मेणबत्ती लावली. मुली तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“ही मोडायची कोणी?” मी विचारलं.

“घरातल्या मोठ्या पुरुषाने,” चेची म्हणाली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “तुमच्यात वयाने मोठं कोण?”

आंटी छताकडे बघू लागली. तिने आपलं वय आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मावशी म्हणाली, “मला कुठं जन्मतारीख ठावं? पण ही गोव्याची तर माझ्या लेकीएवढी दिसती.” आंटी इतकी खूश झाली की तिने स्वतःच मावशीला टेबलाशी नेलं.

थोरल्या मुलीने मल्याळममध्ये प्रार्थना म्हटली. आंटीने कोंकणीत एक म्हटली. मावशीने डोळे मिटून गावाकडच्या भजनाच्या चालीवर येशूच्या दुःखाचं काहीतरी गुणगुणलं, आणि भाकर मोडून पहिला तुकडा चेचीच्या हातात ठेवला.

चेचीने तो दुधात बुडवून खाल्ला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मीठ विसरलात,” ती म्हणाली.

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी धाकटी मुलगी फिस्सकन हसली, मग चेची. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि खुर्चीत बसून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “रड बाई, रड,” म्हणाली. त्या अळणी भाकरीचा शेवटचा तुकडासुद्धा कोणी ठेवला नाही.

पुढे केरळच्या लोकांची त्यांच्या रीतीची मिस्सा महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये सुरू झाली. आता ही मंडळी दूर जाणार, असं मला आतून वाटलं. पण पहिल्याच रविवारी चेची तिन्ही दारं वाजवत आली. “चला, तयार व्हा.”

वेदीपुढे पडदा होता. तो सरकला की धूप बाहेर येई. गाणी लाटांसारखी येत होती आणि मला एकही शब्द कळत नव्हता. आंटी शेजारी बसून कोंकणीत जपमाळ ओढत होती. मावशीचं ‘आमेन’ दर वेळी सगळ्यांच्या मागून यायचं, ठसठशीत. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परतताना कडक ऊन होतं. आम्ही चौघी उसाच्या गुऱ्हाळाशी थांबलो.

“लय लांबली गं तुमची मिस्सा,” मावशी म्हणाली.

“मग पुढच्या वेळी येणार नाही?” चेचीने विचारलं.

“यीन की. पडदा लय आवडला मला.”

आंटीने रसात लिंबू पिळायला सांगितलं. आम्ही सावलीत बाकावर एकमेकींना खेटून बसलो आणि घुंगरांच्या आवाजात चरक फिरत राहिला.