आईचे वेगळे कपडे

ताई, आई गावातून निघाली ती सकाळ तुला आठवत असेल. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तू घराला कुलूप लावत होतीस आणि आई ओट्यावर बसून कपडे बडवायची मोगरी पिशवीत कोंबत होती. मी म्हणाले, "आई, मुंबईत मशीन आहे गं." तिने मोगरी तुझ्या हातात दिली आणि ट्रॅव्हल्समध्ये चढली. लग्न होऊन मी निघाले तेव्हा कळमनुरी येईपर्यंत रडत होते. आई रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, तिने मनाची तयारी केलीय.

मरोळचं आमचं घर तू पाहिलंयस. मशीन ठेवायला जागाच नाही, म्हणून ते बाथरूमच्या दाराशी अर्धं आत, अर्धं बाहेर उभं आहे. पाणी सकाळीच येतं. रविवारी उठले की मी लादीवर ढीग घालते. पांढरे एकीकडे, रंग जाणारे दुसरीकडे, विकासच्या वर्कशॉपच्या तेलकट पँटी कुणालाच न लागतील अशा कोपऱ्यात. खिसे तपासायचे, ब्लाउजचे हूक लावायचे. गावाकडे सगळ्यांचे कपडे एकाच पाटीत ओढ्यावर जायचे, त्यामुळे आईला आधी या ढिगांचं हसू यायचं. मग तिलाच गोडी लागली. बिल्डिंगखालच्या बुद्धविहारात ती बायकांना सांगायची, "आमच्या पोरीच्या घरी कपड्यायलाबी जागा वाटून देलेल्या हायत."

पण स्वतःचे परकर ती कधी त्या ढिगात टाकायची नाही. "जावयाच्या कपड्यात माझे कशाला माय? माझे मी हातानं धुते." खिडकीच्या जाळीत ती ते साडीखाली झाकून वाळत घालायची. लहानपणापासून आपण सगळ्या तसंच करत आलो ना, म्हणून मला काही खटकलं नाही.

एका रविवारी ती तापाने पडून होती. मी तिच्या बादलीतले कपडे उचलले. एक पिवळा परकर घट्ट पिळून तळाशी ठेवला होता. साडीचा रंग लागला असेल, म्हणून वेगळा काढायला उलगडला, तर वास आला. रक्त होतं. ताई, मी कॉलेजात असतानाच आईची पाळी गेली होती.

"आई, हे काय?"

ती तापातही उठून बसली. "ठेव ते खाली. विकासराव घरात हायत."

"कधीपासून होतंय?"

"कडकी आसंल, आंगातली उष्नता. जाईल आपोआप."

"आई, कधीपासून?"

"गावाकडं व्हते तवापासून."

विकासने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "आई, आवरा. डॉक्टरकडे जाऊ." आईने तोंडावर पदर ओढला आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा रडली. दुखण्यासाठी नाही. जावयाला कळलं म्हणून.

गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. मग ऑपरेशन, मग रेडिएशन, ते सगळं तुला फोनवर सांगत होतेच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, आधी आणायला हवं होतं. ते तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मला तर कधी बोलली नाही गं." मलाही नाही. तू तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होतीस, मी रोज फोन करत होते, आणि आपल्या दोघींनाही कळलं नाही. कधी वाटतं, तिला इथे आणलं म्हणून निदान सापडलं. कधी वाटतं, गावात राहिली असती तर ओढ्यावरच्या एखाद्या मैत्रिणीला तरी तिने सांगितलं असतं. इथे ती कुणाला सांगणार होती?

परवा तपासणीला गेलो होतो. शेजारी बसलेली बाई बोलण्यावरून परभणीकडची वाटत होती. तिने विचारलं, "कुठल्या वो तुमी?"

आई म्हणाली, "हितल्याच. मरोळच्या."

मला चांगलं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, गावाचं नाव का नाही सांगितलंस?"

"नाव सांगितलं की मानूस इचारतंय, कवा जानार म्हनून. मग काय सांगू तिला?"

डॉक्टर अजून सहा महिने तरी सोडायला तयार नाहीत, आणि पुढचं त्याही सांगत नाहीत. मी रिक्षा थांबवली आणि तिला हात देऊन आत बसवलं.

आपलं घर कुठलं, असं मला आता कुणी विचारलं तर एवढंच सुचतं: जिथे आईला दुखणं लपवावं लागणार नाही ते. ताई, तसं घर गावात नव्हतं. इथेही ते अजून पुरतं झालेलं नाही.